थकव्याची जबाबदारी कुणाची?

आपल्याकडे एखाद्या कर्तबगार माणसाचा सत्कार असला की भाषणात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. साहेब रात्री दोन-दोनपर्यंत जागे असतात आणि सकाळी सातला पुन्हा खुर्चीत हजर असतात. समोरचे लोक टाळ्या वाजवतात. कारखान्याचा मॅनेजर असो, शाळेचा मुख्याध्यापक असो, इस्पितळाचा अधीक्षक असो की मालेगाव-भिवंडीतला यंत्रमागाचा सेठ असो, न झोपणे हा त्याच्या चारित्र्याचा दाखला समजला जातो. ज्या समाजाजवळ मेहनतीखेरीज फारशी पुंजी उरलेली नाही, त्याने मेहनतीची तारीफ करावी हे समजण्यासारखे आहे. पण टाळ्यांच्या गजरात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. रात्री दोन वाजता साहेबांनी जो फैसला केला तो कसा होता? आणि तो चुकला असेल तर त्याची किंमत कुणी मोजली?

हा प्रश्न वरवर पाहता तब्येतीचा वाटतो. डॉक्टरांनी सांगावे, आपण ऐकावे आणि विसरावे, इतकाच. आम्हाला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो. थकलेल्या माणसाची नीयत बहुधा साफ असते. त्याला कुणाचे वाईट करायचे नसते. उलट इतरांसाठीच तो जागत असतो. आपल्या सगळ्या नैतिक विचाराचा पाया नीयत हाच आहे. अमल नीयतीवर तोलला जातो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग साफ नीयतीने घेतलेल्या निर्णयामुळे माणसे मेली, तर दोष कुठे ठेवायचा?

22 मे 2010 ची पहाट आठवावी. दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरला उतरत होते. 160 प्रवासी आणि 6 कर्मचारी त्यात होते. आखातात राबून सुट्टीवर घरी येणारी माणसे, त्यांची बायकामुले, असे हे प्रवासी. कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांना अशी विमाने आणि अशा पहाटा ओळखीच्या आहेत. विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर थांबू शकले नाही, ते दरीत कोसळले. 158 माणसे गेली, 8 वाचली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. विमानातल्या ध्वनिमुद्रणावरून दिसले की कॅप्टन प्रवासातला दीड तासाहून अधिक वेळ झोपलेला होता. उतरण्याच्या थोडे आधी तो जागा झाला, पण झोपेचा जडपणा गेला नव्हता. विमान हवे त्यापेक्षा बरेच उंचावर होते. सहवैमानिकाने तीनदा सांगितले की उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टनने ऐकले नाही. 8,033 फूट लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली तेव्हा सुमारे 5,200 फूट मागे पडले होते.

विमानाचा कॅप्टन ही एक प्रकारे त्या कामाच्या जागेवरची सर्वात वरची खुर्ची. उतरायचे की नाही यावर अखेरचा शब्द त्याचा. या कॅप्टनजवळ दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता आणि मरायची इच्छा त्याला खचित नव्हती. जो धोका शेजारी बसलेल्या कनिष्ठाला दिसत होता तो त्याला का दिसला नाही?

थकव्याविषयी आपली सर्वसाधारण समजूत अशी की त्याने हातपाय जड होतात, काम हळू होते, पण डोके ठिकाणावर राहते. ही समजूत खरी नाही. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी 1997 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डोळा आणि हात यांचा मेळ लागणारे काम त्यांनी जागरण झालेल्या आणि दारू दिलेल्या माणसांकडून करून घेतले. सलग 17 तास जागलेल्याची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरली. 24 तास जागलेल्याची 0.10 टक्क्यांइतकी. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. पहाटे सहाला उठलेला मॅनेजर रात्री अकराला सही करतो तेव्हा त्याचे 17 तास पुरे झालेले असतात. ज्या हाजीसाहेबांनी आयुष्यात दारूचा थेंब शिवला नाही, त्यांनाही ही तुलना लागू पडते.

पण दारू आणि जागरण यांत एक फरक आहे. दारूचा वास येतो. थकव्याला वास नसतो, आणि खुद्द थकलेल्यालाही तो कळत नाही. 2003 साली अमेरिकेत हान्स व्हॅन डोंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांना 14 दिवस रात्री फक्त सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. त्यांचे लक्ष आणि स्मरण दिवसागणिक घसरत गेले. शेवटी ते अशा ठिकाणी पोहोचले, जिथे एक-दोन रात्री अजिबात न झोपलेला माणूस असतो. आपल्याला किती झोप येते असे विचारल्यावर मात्र त्यांची उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. त्यांना वाटत होते, सवय झाली. ‘मला चालते, मला सहा तास पुरतात’ असे सांगणाऱ्या साहेबांची साक्ष म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. तराजू बिघडला आहे की नाही हे त्याच तराजूवर तोलून कसे कळणार?

आता खास मॅनेजरच्या कामाकडे येऊ. इंग्लंडमधील इव्हॉन हॅरिसन आणि जिम हॉर्न यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना 36 तास जागे ठेवून धंदा चालवण्याचा एक खेळ खेळायला दिला. बाजार बदलत जातो, बातम्या येत राहतात आणि त्याप्रमाणे आपली चाल बदलावी लागते, असा तो खेळ होता. लेख वाचून त्यातला युक्तिवाद समजून घेण्याच्या कसोटीत ही माणसे शेवटपर्यंत ठीक होती. खेळात मात्र 32 तासांनंतर ती कोलमडली. परिस्थिती बदलली हे त्यांच्या ध्यानात येईना आणि जुनीच चाल ती पुन्हा पुन्हा खेळत राहिली.

यातले बारीक मर्म पाहण्यासारखे आहे. थकलेला अधिकारी फाइल नीट वाचू शकतो. नियम तोंडपाठ सांगू शकतो, सभेत बोलू शकतो. म्हणून त्यालाही आणि आपल्यालाही वाटते की त्याचे डोके शाबूत आहे. हरवलेली असते ती वेगळीच शक्ती: कालचा हिशेब आज लागू नाही, हे ओळखण्याची. जोखीम ओळखणे म्हणजे मुख्यत्वे हेच असते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातली सातही माणसे गेली. आदल्या संध्याकाळी फोनवर लांबलचक बैठक झाली होती. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांचे म्हणणे होते की हवा फार थंड आहे, सांधे बंद करणारी रबरी कडी या थंडीत कडक होतील, उड्डाण करू नये. अवकाशसंस्थेच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. उड्डाण आधीच अनेकदा पुढे ढकलले गेले होते. कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ आपसात चर्चा केली आणि अभियंत्यांचा सल्ला बाजूला ठेवून होकार कळवला. यान पडले ते रबराच्या कड्यांमुळे, यात वाद नाही. पण चौकशी आयोगाच्या अहवालाच्या एका परिशिष्टात आणखी एक नोंद आहे. त्या बैठकीतल्या काही प्रमुख व्यवस्थापकांना आदल्या रात्री दोन तासांहून कमी झोप मिळाली होती आणि ते रात्री एक वाजल्यापासून कामावर होते. म्हणजे ज्या संध्याकाळी सात जिवांचा फैसला व्हायचा होता, तेव्हा निर्णय घेणारे काही जण सतरा-अठरा तासांहूनही अधिक वेळ जागे होते.

मग थकवा माणसाला धाडसी करतो म्हणायचे का? काही प्रयोग तसे सुचवतात. जागरण झालेला माणूस नफ्याकडे जास्त आणि तोट्याकडे कमी पाहतो असे त्यांत आढळले आहे. पण दुसरीकडे 2011 मध्ये गाजलेला इस्रायली न्यायाधीशांचा अभ्यास आहे. कैद्यांना पॅरोल देण्याचे अर्ज ऐकताना बैठकीच्या सुरुवातीला सुमारे 65 टक्के अर्ज मंजूर होत; वेळ जाईल तसे प्रमाण घसरत जवळजवळ शून्यावर येई, आणि खाणे-विश्रांती झाली की पुन्हा वर जाई. या अभ्यासावर पुढे रास्त आक्षेप घेतले गेले. खटले कोणत्या क्रमाने पुढे येतात यामुळेही असे दिसू शकते, असे टीकाकारांनी दाखवले. तेव्हा आकडा जपूनच घ्यावा. पण त्यातली दिशा विचार करायला लावते. तिथे शिणलेला माणूस धाडस करत नाही. तो ‘नाही’ म्हणतो.

आम्हाला या दोन्हींत विरोध वाटत नाही. थकवा माणसाला धाडसीही करत नाही आणि भित्राही करत नाही. चालू असलेल्या वाटेवर तो त्याला पुढे ढकलतो. कैदी तुरुंगात आहे, त्याला तिथेच राहू देणे सोपे. यान उड्डाणाला सज्ज आहे, उडू देणे सोपे. विमान धावपट्टीकडे निघाले आहे, उतरवणे सोपे. थांबायला श्रम पडतात. थांबायचे म्हणजे चार फोन करायचे, वरच्याला कारण सांगायचे, गिऱ्हाइकाची बोलणी खायची, उद्याचे सगळे वेळापत्रक नव्याने मांडायचे. रात्री तीन वाजता मोटारीतून जळका वास येतोय असे कारागिराने सांगितले, तर माग बंद करणे हे काम आहे. ‘चालू दे, सकाळी बघू’ म्हणणे हे काम नाही. बाहेरून जे धाडस दिसते, ते आत निव्वळ शीण असते.

असे असेल तर नीतीचा प्रश्न सरकून दुसऱ्या जागी जातो. फैसल्याच्या त्या घटकेला थकलेल्या माणसाजवळ धोका ओळखण्याची शक्तीच नव्हती, तर त्या घटकेसाठी त्याला जाब विचारण्यात काय अर्थ? आणि विचारायचा नाही, तर मेलेल्यांनी न्याय कुणाकडे मागायचा?

इथे आम्हाला आपल्या फिकहच्या परंपरेची आठवण होते. ती धर्माभिमानाने नव्हे, तर तिने हा पेच फार पूर्वी हाताळला आहे म्हणून. रागात असताना काझीने दोघांमध्ये निवाडा करू नये, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. फुकहांनी विचार केला की मनाईचे कारण रागच आहे की रागाने होणारा विचाराचा गोंधळ? उत्तर मिळाले, गोंधळ. मग त्याच कारणाने त्यांनी कडकडीत भूक, तहान, आजार, जड झोप आणि अतिशय थकवा हेही त्यात मोजले. कियासचे उदाहरण म्हणून मदरशांत आजही हे शिकवले जाते. लक्षात घेण्यासारखे असे की अशा अवस्थेत दिलेला निकाल मुळात बरोबर असेल तर तो टिकतो, असेच बहुतेक फुकहांचे मत आहे. म्हणजे रोख निकालापेक्षा त्या अवस्थेत आसनावर बसण्यावर आहे. चूक झाली की नाही हे नंतर बघू. त्या हालतीत तुम्ही तिथे बसलातच का, हा पहिला सवाल.

दुसरे उदाहरण त्याहून कठोर आहे. झोपलेला माणूस जागा होईपर्यंत त्याच्या नावे गुन्हा लिहिला जात नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तरीही ‘हिदाया’सारख्या हनफी ग्रंथात एक प्रकरण येते: झोपेत कूस बदलताना एखाद्याच्या अंगाखाली दुसरा दबून मेला तर काय? त्याचा हुकूम चुकून झालेल्या मृत्यूसारखाच धरला आहे. नीयत नव्हती, म्हणून तो खुनी ठरत नाही. पण दियत, म्हणजे वारसांना द्यायची भरपाई, चुकत नाही. आम्हाला यात मोठे शहाणपण दिसते. नीयत साफ असल्याने माणूस पापातून सुटेल, पण ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क त्याने बुडत नाही. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो. ‘बिचारा थकला होता’ असे म्हणून भरपाईही माफ करतो, किंवा भरपाई वसूल करायची म्हणून थकलेल्याला कसाई ठरवतो.

खैबरहून परतीच्या वाटेवरचा प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. रात्रभर चालून काफिला थकला होता. पैगंबरांनी हजरत बिलाल यांना फजरसाठी जागत राहायला सांगितले आणि सगळे झोपले. बिलाल उंटाला टेकून पूर्वेकडे पाहत बसले, आणि त्यांचाही डोळा लागला. जाग आली ती उन्हाच्या चटक्याने. ज्याने तुम्हाला गाठले त्यानेच मलाही गाठले, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. त्यांच्यावर कुणी आग पाखडली नाही. मुक्काम हलवला गेला आणि राहिलेली नमाज अदा झाली. अशाच प्रसंगाच्या एका रिवायतीत, कसूर झोपेची नसते, जागेपणाची असते, असा बोध येतो. आमच्या मते या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. तीन वाजता झालेल्या चुकीची जबाबदारी शोधायची असेल, तर आदल्या दिवशी दुपारी, सगळे ताजेतवाने असताना, पाळ्यांचा तक्ता कुणी बनवला तिथे जावे.

आणि तिथे पाहिले की एकटा मॅनेजर दिसत नाही. 24 मार्च 1989 रोजी ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. अमेरिकी चौकशी मंडळाने कारणांमध्ये तिसऱ्या अधिकाऱ्याचा थकवा आणि कामाचा बोजा मोजला. त्याच दमात, पुरेसे आणि विश्रांती घेतलेले कर्मचारी न पुरवणाऱ्या कंपनीलाही त्याच यादीत बसवले. ज्याने माणसे कमी केली, त्याने जहाज खडकाकडे वळवले नव्हते. पण सुकाणूवरचा माणूस चुकेल अशी तजवीज त्याने कोरड्या खोलीत बसून केली होती.

आपल्या कायद्याकडे पाहिले तर एक गंमत दिसते. 1948 च्या कारखाना कायद्याने कामगारासाठी आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागेवरच्या माणसांना मात्र तीतून वगळण्याची तरतूद त्यातच होती. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांतही व्यवस्थापक ‘कामगार’ या व्याख्येच्या बाहेरच राहिला. ज्याच्या हातात फक्त यंत्र, त्याच्या झोपेची काळजी कायद्याने निदान कागदावर केली. ज्याच्या हातात सगळ्यांचे जीव, त्याला सोडून दिले. वैमानिकांपुरते पाऊल पुढे पडले. 2024 च्या सुधारित नियमांत त्यांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली गेली. पण डिसेंबर 2025 मध्ये, नियम पूर्ण लागू झाल्यावर, एका मोठ्या कंपनीजवळ माणसे पुरेनाशी झाली, हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि सवलत मागितली गेली ती नियमातूनच. विश्रांतीला पैसा लागतो. म्हणून कात्री आधी तिलाच लागते.

इथे आपल्यातलाच कुणी म्हणेल, हे सगळे पोटभरल्यांचे बोलणे झाले. भिवंडीतला छोटा कारखानदार स्वतःच मालक, स्वतःच मॅनेजर आणि वेळ पडली तर स्वतःच कारागीर असतो. यंत्रमागावर बारा तासांची पाळी अजून चुकलेली नाही. रमजानमध्ये तरावीह आणि सहरी यांत झोपेचे तुकडे होतात आणि ईदच्या तोंडावर मालाची घाईही तेव्हाच असते. त्याने कुणावर सोपवून झोपायचे? कोविडच्या 2020 आणि 2021 या सालांत डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले असते तर काय झाले असते?

आक्षेप खरा आहे. विश्रांतीही संपत्तीसारखी असमान वाटली गेली आहे. ‘उद्या बघू’ म्हणायला गाठीला काहीतरी असावे लागते. मजबुरीत थकलेल्यालाच निर्णय घ्यावा लागणार, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यामुळे जबाबदारी संपत नाही, तिचे रूप बदलते. ज्याला झोप परवडत नाही, त्याला निदान एकट्याने ठरवणे टाळता येते. मंगळूरच्या विमानात शुद्ध भानावर असलेला एक माणूस होता. तो तीनदा बोलला. त्याच्या शब्दाला वजन नव्हते, एवढीच उणीव होती. आपल्या कारखान्यांत, शाळांत, संस्थांत, जमातीच्या कमिट्यांत किती ठिकाणी धाकट्याने ‘साहेब, थांबा’ म्हटले तर काम थांबते? थकव्यावर फुकट मिळणारा इलाज हा एकच आहे, आणि तोच आपल्याला सर्वात महाग वाटतो, कारण त्यात पैसा जात नाही, रुबाब जातो.

दुसरे असे की सोपी वाट कोणती असावी, हे दिवसा ठरवता येते. रात्री दहानंतर कर्जाच्या, करारनाम्याच्या, कुणाला कामावरून काढण्याच्या कागदावर सही होणार नाही, हा नियम ताज्या डोक्याने एकदा करून ठेवला की रात्री त्यासाठी नव्याने अक्कल लागत नाही. यंत्राबद्दल शंका आली तर ते बंद करायला परवानगी लागू नये. पुन्हा सुरू करायला मात्र दोघांची लागावी. असे केले की शिणलेला माणूस ज्या सोप्या वाटेने जाणारच आहे, ती वाट दरीकडे जात नाही. हा विचार करण्याइतकी सवड दिवसा ज्याला मिळते आणि तरीही जो तो करत नाही, कसूर त्याची.

डुलकी न लागणे हा गुण आयतुल कुर्सीत अल्लाहच्या वर्णनात येतो. माणसाच्या वर्णनात तो येत नाही. सत्काराच्या भाषणात आपण तो साहेबांना लावतो तेव्हा आपण काय बोलतो आहोत याचा विचार व्हायला हवा. यापुढे कुणाच्या कर्तबगारीचे गोडवे गाताना तो किती तास जागला हे न सांगता, त्याच्या हाताखालची माणसे किती तास झोपली आणि तो स्वतः झोपला असताना काम कुणाच्या भरवशावर सुरक्षित चालले, हे सांगितले जावे. टाळ्या त्यालाही मिळतील. थोड्या उशिराने मिळतील इतकेच.